कल्पित तारासाम्राज्याची राज्यव्यवस्था लिहिली आहे? कॉपीराइट नोंदणीचा अर्ज कुठे अडतो ते आधी वाचा

जळगावच्या एका वाचनालयात मी आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्या मंडळींचे कॉपीराइट नोंदणीचे अर्ज तपासून देतो. परत येणाऱ्या अर्जांत विज्ञानकथेच्या हस्तलिखितांचे अर्ज बरेच असतात, आणि त्यात कथेचा दोष क्वचितच असतो. लेखकाने शेकडो ताऱ्यांवर पसरलेले साम्राज्य उभे केलेले असते, सम्राट, दरबार, सुभेदार, करपद्धती, वारसाहक्काचे नियम असे सगळे मोठ्या कष्टाने रचलेले असते, आणि मग कृतीच्या वर्णनाच्या रकान्यात तो लिहितो, ‘माझ्या राज्यपद्धतीची नोंदणी व्हावी.’ राज्यपद्धतीची नोंदणी होत नाही. कॉपीराइट अधिनियम, १९५७ हा लिहिलेल्या मजकुराचे रक्षण करतो, त्यामागच्या कल्पनेचे नाही. सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद प्रकरणात १९७८ मध्येच हे स्पष्ट केलेले आहे.

हे उदाहरणाने सांगतो. अमळनेरकडच्या एका निवृत्त शिक्षकांच्या हस्तलिखितात सारा राज्यकारभार एका अडचणीभोवती रचलेला आहे. सूर्यानंतरचा आपल्याला सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्सिमा सेंटॉरी, सुमारे ४.२४ प्रकाशवर्षे दूर आहे, म्हणजे राजधानीतून सुटलेले फर्मान तिथे पोहोचायला सव्वाचार वर्षे आणि उत्तर यायला तितकीच. म्हणून त्यांच्या साम्राज्यात सुभेदाराला सम्राटाची परवानगी न घेता युद्ध पुकारता येते, आणि सम्राट मरण पावला तरी त्याच्या नावाने दूरच्या सुभ्यांत चार वर्षे नाणी पाडली जातात. सुभा, सरकार, परगणा ही उतरंड त्यांनी मोगलांकडून उचलली आहे. अकबराने १६०१ मध्ये असीरगड घेऊन फारुकींचे राज्य संपवले आणि शाहजादा दानियालच्या नावावरून खानदेशाला ‘दानदेश’ म्हटले, तो प्रसंगही त्यांनी एका ताऱ्याच्या नामांतरासाठी वापरला आहे. यापैकी प्रकाशाचा वेग, मोगली उतरंड आणि इतिहासातला प्रसंग कोणाच्याच मालकीचे नाहीत, आणि ‘अंतरामुळे सुभेदार स्वतंत्र होतो’ ही कल्पनाही उद्या कोणी दुसरा वापरू शकतो. मात्र सम्राटाच्या मृत्यूची बातमी वाटेत असताना सुभेदाराला काय करता येते हे सांगणारी जी सनद त्यांनी कलमवार लिहिली आहे, तिची वाक्ये, पात्रे आणि प्रसंगांची गुंफण त्यांची आहे. म्हणून वर्णनात ‘मराठी कादंबरी, साहित्यकृती’ एवढेच लिहावे. साम्राज्याचे नुसते नावही कॉपीराइटने राखता येत नाही. त्या नावाने खेळ किंवा वस्तू विकायच्या असतील तर व्यापारचिन्हाचा (ट्रेडमार्कचा) स्वतंत्र अर्ज करावा लागतो.

नोंदणी सक्तीची नाही, हेही आधीच सांगितलेले बरे. कृती लिहून झाली की हक्क आपोआप मिळतो. मुंबई उच्च न्यायालयानेही २०२१ मध्ये नोंदणी ऐच्छिक असल्याचे म्हटले आहे. नोंदणीचा उपयोग असा की कलम ४८ नुसार नोंदवहीतील तपशील न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा मानला जातो. हस्तलिखित स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर टपालाने पाठवून पाकीट न उघडता ठेवण्याचा जो सल्ला अजूनही दिला जातो, त्याला या कायद्यात कोणतेही स्थान नाही. फार तर तारखेचा एक पुरावा मिळेल.

अर्ज लेखक, प्रकाशक, हक्काचा मालक किंवा हक्कात हितसंबंध असलेली व्यक्ती करू शकते. लेखन नोकरीचा भाग म्हणून केले असेल, तर वेगळा करार नसल्यास पहिला मालक नियोक्ता ठरतो, आणि शासकीय सेवेतल्या लेखकांनी एवढे एकदा तपासून घ्यावे. रात्री घरी बसून लिहिलेल्या कादंबरीला हा नियम लागत नाही. अर्ज नमुना १४ मध्ये, कॉपीराइट कार्यालयाच्या संकेतस्थळावर भरायचा असतो. कार्यालय दिल्लीत द्वारका येथे आहे, त्यामुळे ‘मुंबईत आपली ओळख आहे’ असे सांगणाऱ्या दलालाला पैसे देऊ नयेत. खाते उघडणे, पीडीएफ चढवणे, सही अपलोड करणे आणि शुल्क भरणे हे एका बैठकीत होते.

अडचण पहिल्यांदा येते ती ‘प्रकाशित की अप्रकाशित’ या रकान्यापाशी. पुस्तक छापलेले नाही म्हणून जवळपास सगळेच ‘अप्रकाशित’ लिहितात. कलम ३ प्रमाणे मात्र कृतीच्या प्रती काढून लोकांना उपलब्ध करणे किंवा ती अन्य रीतीने लोकांपर्यंत पोहोचवणे म्हणजे प्रकाशन, आणि साम्राज्याच्या सनदेची पाच प्रकरणे तुम्ही फेसबुकवर सर्वांना दिसतील अशी टाकली असतील, तर तेवढा मजकूर अप्रकाशित आहे असे म्हणणे कठीण आहे. नंतर वाद उद्भवला तर समोरचा वकील पहिल्यांदा हीच ओळ काढून दाखवील. जे प्रकाशित झाले ते तारखेसह आणि देशासह लिहावे. घरच्या चार माणसांना वाचायला दिलेली प्रत ही वेगळी गोष्ट आहे.

दुसरी अडचण अशी की एक अर्ज एकाच कृतीसाठी असतो. साम्राज्य लिहिणाऱ्यांकडे मात्र सहसा चार गोष्टी असतात: कादंबरी, ताऱ्यांच्या सुभ्यांचा नकाशा, सम्राटाचे राजचिन्ह, आणि कधीकधी त्याच जगावर बेतलेल्या पटावरच्या खेळाची नियमपुस्तिका. कादंबरी आणि नियमपुस्तिका साहित्यकृती आहेत, नकाशा आणि राजचिन्ह कलाकृती आहेत. चारही एका पीडीएफमध्ये घालून पाचशे रुपये भरले की अर्ज अडलाच. साहित्यकृतीसाठी आणि साध्या कलाकृतीसाठी प्रत्येकी ५०० रुपये शुल्क आहे आणि ते परत मिळत नाही. खेळाच्या बाबतीत लक्षात ठेवावे की संरक्षण नियम मांडणाऱ्या मजकुराला मिळते, खेळण्याच्या पद्धतीला नाही.

राजचिन्हाच्या अर्जात जो कागद लागतो, तो मी पाहिलेल्या एकाही अर्जदाराकडे पहिल्या वेळी नव्हता. कलाकृती एखाद्या वस्तूसाठी किंवा सेवेसाठी वापरली जात असेल किंवा वापरता येण्याजोगी असेल, तर शुल्क २,००० रुपये होते आणि अर्जासोबत व्यापारचिन्ह प्रबंधकाचे (ट्रेडमार्क रजिस्ट्रारचे) प्रमाणपत्र जोडावे लागते, की तेच किंवा फसवणूक होईल इतके सारखे चिन्ह दुसऱ्याच्या नावावर नोंदलेले नाही व त्याचा अर्जही प्रलंबित नाही. हे प्रमाणपत्र टीएम-सी या नमुन्यात वेगळे मागावे लागते. ‘वापरता येण्याजोगी’ हे शब्द इतके सैल आहेत की टी-शर्टवर छापण्याचा विचारही न केलेल्या माणसाला हा प्रश्न विचारला जातो, आणि त्यावर कार्यालयाने सोप्या भाषेत दोन ओळी लिहाव्यात असे कोणाला आजवर वाटलेले दिसत नाही. राजचिन्ह फक्त कादंबरीत असेल, तर तसे स्पष्ट लिहावे. पुढेमागे ते छापलेले चहाचे मग विकायचे मनात असेल तर प्रमाणपत्र आधी मिळवावे आणि मगच अर्ज करावा.

ना हरकत पत्रांचा प्रश्नही याच जातीचा आहे. नकाशा मित्राने काढून दिला असेल तर ‘तो आपलाच माणूस आहे’ हे पुरेसे नाही. हक्क हस्तांतरित करणारा लेखी, सहीचा कागद हवा, आणि त्यात मुदत न लिहिल्यास कलम १९ प्रमाणे हस्तांतर पाच वर्षांचेच मानले जाते, तर प्रदेश न लिहिल्यास भारतापुरते. प्रकाशक वेगळा असेल तर त्याचे पत्र लागते. मुखपृष्ठावर सम्राट म्हणून मामाचा फोटो लावला असेल, तर मामांचेही. दुसऱ्या कोणाच्या प्रसिद्ध साम्राज्यात आपली कथा बसवली असेल, तर ती रूपांतर ठरू शकते, आणि अर्जासोबतच्या ‘पुढील तपशिलाच्या विवरणात’ (स्टेटमेंट ऑफ फर्दर पर्टिक्युलर्स) ‘मूळ कृती’ असे सांगून अर्ज भरणे हा आगाऊपणा ठरतो.

नाव सर्व कागदांवर सारखे ठेवावे. आमच्याकडे एकाच घरात आधारकार्डावर एक, दाखल्यावर दुसरे आणि बँकेत तिसरे स्पेलिंग सहज सापडते. टोपणनावाने लिहीत असाल तरी अर्जदार म्हणून खरे नाव द्यावे, टोपणनावाचा उल्लेख सोबत करावा. अहिराणीतले संवाद आणि मराठी निवेदन असेल तर भाषेच्या रकान्यात दोन्ही लिहाव्यात. अहिराणी ‘मराठीतच मोडते’ म्हणून गाळू नये.

शुल्क भरल्यावर डायरी क्रमांक, म्हणजे अर्जाचा नोंद क्रमांक, मिळतो आणि तिथून सर्वांत मोठा गैरसमज सुरू होतो. ‘३० दिवसांत नोंदणी’ असे जे सांगितले जाते ते चूक आहे. हे ३० दिवस आक्षेपांसाठी राखलेले आहेत; हक्कावर दावा सांगणाऱ्या किंवा त्यावर वाद असलेल्या प्रत्येकाला अर्जाची सूचना देण्याची जबाबदारी अर्जदाराचीच असते. ती मुदत संपल्यावर तपासणी सुरू होते आणि तपासणीला अनेकदा महिने लागतात. प्रकाशकाला किंवा अनुदान समितीला ‘पुढच्या महिन्यात प्रमाणपत्र देतो’ असे कबूल करू नये.

तपासणीत त्रुटी आढळली तर पत्र येते आणि ते बहुधा ई-मेलने येते. लेखकाचा ई-मेल भाच्याने उघडून दिलेला असतो, पासवर्ड भाच्याकडे असतो आणि भाचा नोकरीसाठी पुण्याला असतो. पत्रात दिलेल्या मुदतीत उत्तर गेले नाही तर अर्ज निकालात निघतो, म्हणून स्वतः उघडता येईल असाच पत्ता द्यावा आणि दर पंधरवड्याला डायरी क्रमांक टाकून स्थिती पाहावी. सुनावणी ठेवली तर हस्तलिखिताची मूळ प्रत आणि ना हरकत पत्रे हाताशी ठेवावीत. नंतर पत्ता किंवा मालकी बदलल्यास नोंदवहीतील बदलासाठी नमुना १५ आहे. कॉपीराइट प्रबंधकाचा (रजिस्ट्रारचा) अंतिम आदेश विरुद्ध गेला, तर कलम ७२ नुसार आदेशाच्या तारखेपासून तीन महिन्यांत उच्च न्यायालयात अपील करता येते, आणि आदेशाची प्रमाणित प्रत मिळेपर्यंत गेलेला काळ या तीन महिन्यांतून वगळला जातो. मात्र त्यासाठी ती प्रत मागितल्याची तारीख दाखवता आली पाहिजे, म्हणून मागणीचा अर्ज लेखी करून त्याची पोच जपून ठेवावी.