अमेरिकन लष्करी अळी

अमेरिकन लष्करी अळी (स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा) ही अमेरिका खंडाच्या उष्ण भागातली, मुख्यतः मक्यावर पडणारी कीड. तिचा राखाडी-तपकिरी, निशाचर पतंग लांब पल्ल्याचा प्रवासी आहे. त्याला सुप्तावस्था नाही आणि कडाक्याची थंडीही सोसत नाही. त्यामुळे फ्लॉरिडा आणि टेक्ससच्या दक्षिण टोकाला हिवाळा काढून तो दरवर्षी पिढ्यामागून पिढ्या उत्तरेकडे सरकतो, थेट कॅनडापर्यंत. वाऱ्याची साथ मिळाली तर एका रात्रीत १०० किमी सहज कापतो.

२०१६ साली ही कीड पश्चिम आफ्रिकेत आढळली. मे २०१८ मध्ये ती कर्नाटकात शिवमोग्ग्याच्या मक्यावर दिसली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात पोचली. सांगली भागात तर तिने उसालाही तोंड लावले. २०१९ मध्ये चीन, २०२० मध्ये ऑस्ट्रेलिया.

मादी पानावर पुंजक्याने १००-२०० अंडी घालून ती अंगावरच्या केसाळ खवल्यांनी झाकते. दोन-तीन दिवसांत निघालेल्या अळ्या पानाचा हिरवा भाग खरवडतात, मागे पांढरा पापुद्रा राहतो. नंतर रेशमी धाग्याला लोंबकळून त्या वाऱ्याने शेजारच्या झाडांवर जातात आणि पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, शिरतात. खरे नुकसान तिथून सुरू होते. पोंगा उलगडला की ओल्या भुश्शासारखी विष्ठा आणि बहुधा एकच मोठी अळी सापडते, कारण थोरल्या अळ्या धाकट्यांना खातात. डोक्यावर उलटा इंग्रजी वाय आणि शेपटीकडे चौकोनात चार काळे ठिपके दिसले की ओळख पक्की. कोष जमिनीत होतो. उबदार हवेत जीवनक्रम महिनाभरात पुरा होतो, आणि आपल्याकडे खरीप, रब्बी, उन्हाळी असा मका कुठे ना कुठे उभा असतोच.

उपाय लवकर केले तरच उपयोग. मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या कामगंध सापळ्यांनी पाळत ठेवणे, अंडीपुंज वेचून नष्ट करणे, लहान अळ्यांवर निंबोळी अर्क फवारणे, किडीच्या अंड्यांत वाढणारी ट्रायकोग्रामा ही इवलीशी गांधीलमाशी सोडणे. प्रादुर्भाव वाढल्यास इमामेक्टिन बेन्झोएटसारखी कीटकनाशके वापरतात. मात्र फवारा पोंग्यात उतरला पाहिजे, वरवर पाने भिजवणे म्हणजे पैसे वाया. अळी पूर्ण वाढून विष्ठेचा बोळा वर साचला की औषध तिच्यापर्यंत नीट पोचत नाही. जनावरांसाठी राखलेल्या चाऱ्याच्या मक्यावर मात्र विषारी फवारणी टाळावी.