‘अँड’ अडतो आणि & चालतो, त्यामागचा इतिहास

नमपाय, म्हणजे पायथन भाषेतली आकडेमोडीची लायब्ररी, शिकताना एक एरर बहुतेकांच्या वाट्याला येतो. पावसाचा एक अ‍ॅरे (आकड्यांची यादी), तापमानाचा दुसरा. दोन्ही अटींत बसणारे दिवस हवेत, म्हणून पायथनच्या सवयीने मध्ये ‘अँड’ लिहिला की व्हॅल्यूएरर: अ‍ॅरेत एकाहून जास्त घटक आहेत, त्याचं खरं-खोटं ठरवता येत नाही, एनी (एक तरी खरं) किंवा ऑल (सगळं खरं) वापरा. मग कोणीतरी सांगतं, & लिही आणि कंस घाल. हे नुसतं पाठ करू नये असं मला मनापासून वाटतं, कारण या दोन्ही सूचनांची मुळं फार जुनी आहेत.

अ‍ॅरेंच्या बाजूने सुरुवात संगणकशास्त्रज्ञ केनेथ आयव्हर्सन यांच्यापासून करावी लागते. 1962च्या पुस्तकात त्यांनी मांडलेल्या आणि पुढे एपीएल ही प्रोग्रामिंग भाषा झालेल्या लेखनपद्धतीत खरं म्हणजे 1, खोटं म्हणजे 0. ∧ हे ‘आणि’चं चिन्ह दोन अ‍ॅरेंमध्ये ठेवलं की घटकागणिक उत्तर मिळतं, आणि ∧/ लिहिलं की अख्ख्या अ‍ॅरेचं एकच उत्तर. आजचे ऑल आणि एनी याच कल्पनेचे वंशज. 1 आणि 0 असल्यामुळे बेरीज केली की खऱ्यांची संख्याही आपोआप हाती येते. इतकी स्वच्छ मांडणी नंतर क्वचितच दिसली.

दुसरा धागा बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधनसंस्थेतला. सी भाषेच्या आधीच्या बी भाषेत & एकच होता; इफच्या अटीत तो तार्किक, एरवी बिटवाइज, म्हणजे एकेका बिटवर चालणारा. सी घडत असताना अ‍ॅलन स्नायडर यांच्या सूचनेवरून && वेगळा झाला: डावी बाजू खोटी निघाली तर उजवी तपासायचीच नाही. पण आधी लिहिलेला कोड मोडू नये म्हणून & चा अग्रक्रम (कोणतं चिन्ह आधी सोडवायचं तो क्रम) == या ‘समान आहे का’ विचारणाऱ्या चिन्हाच्या खालीच राहिला. हा अग्रक्रम चुकलाच, असं सीचे निर्माते डेनिस रिची यांनी पुढे स्वतः मान्य केलं.

पायथनने ती चूक सुधारली आणि & ला तुलनेच्या चिन्हांच्या वर नेलं. बिटांसाठी हे योग्यच. अ‍ॅरेवाल्यांना मात्र तेच नडतं. पाऊस > 20 & तापमान < 30 असं लिहिलं की पायथन आधी 20 & तापमान करायला जातो. अ‍ॅरे पूर्णांकांचे असतील तर उरते तुलनांची साखळी, आणि साखळी म्हणजे आत दडलेला ‘अँड’. पुन्हा तोच एरर! अ‍ॅरे दशांश संख्यांचे असतील तर त्याआधीच टाइपएरर. म्हणून (पाऊस > 20) & (तापमान < 30).

‘अँड’लाच अ‍ॅरे का शिकवले नाहीत? उजवी बाजू तपासायची की नाही हे तो ठरवतो. त्यासाठी त्याला डावीकडून एकच होय किंवा नाही लागतं. & चा अर्थ नमपायला बदलता येतो, ‘अँड’चा नाही. ग्रेगरी युइंग यांनी 2004 साली पेप 335 या पायथनमधल्या बदलाच्या औपचारिक प्रस्तावात ती मुभा मागितली होती; 2012 साली प्रस्ताव फेटाळला गेला.

आर या संख्याशास्त्राच्या भाषेत & आणि && दोन्ही आहेत, पण तिथे && वर्षानुवर्षं लांब व्हेक्टरचा (एका ओळीतल्या अ‍ॅरेचा) फक्त पहिला घटक बघून गुपचूप उत्तर देत असे. नमपायचा एरर त्यापेक्षा कितीतरी प्रामाणिक. आरच्या 4.2.0 आवृत्तीत यावर इशारा आला आणि 2023च्या 4.3.0 पासून तिथेही एररच येतो.