खाण बंद पडते, आम्ल वाहतच राहते

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या स्क्रँटनमध्ये सँडरसन दांपत्याने १८६८ साली जमीन घेतली, ती तिथल्या ओढ्याचे निर्मळ पाणी पाहून. घर बांधले, माशांसाठी तळे केले, घरात नळ खेळवले. मग ओढ्याच्या वरच्या अंगाला कोळशाची खाण निघाली आणि तिचे उपसलेले आंबट, म्हणजे आम्लाचे, पाणी ओढ्यात येऊ लागले. मासे मेले, नळ गंजून गेले. सँडरसनबाईंनी दावा लावला. १८८६ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने अखेरचा कौल दिला तो खाणवाल्यांच्या बाजूने: पाणी उताराने ओढ्यातच जाणार, आणि एवढ्या मोठ्या उद्योगापुढे एका घराची गैरसोय सोसावीच लागेल.

खाणीच्या पाण्याने मासे मरतात हे तेव्हा नवे नव्हते. अ‍ॅग्रिकोला या जर्मन पंडिताने १५५६ च्या आपल्या खाणग्रंथात तशी तक्रार नोंदवलेली आहे. पण पाणी आंबट का होते, याचा उलगडा बराच उशिरा झाला.

दोषी असतो पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचा सोनेरी खडा. जमिनीखाली तो निवांत असतो. खोदून वर आणला, फोडला, की हवा-पाणी लागून त्याचे हिराकस (लोहाचा क्षार) आणि गंधकाम्ल होते. हे आम्ल शेजारच्या खडकातले तांबे, जस्त, कॅडमियम विरघळवत जाते. शेतकऱ्याला मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, ठाऊक असतो. अशा ओढ्यातून तोच वाहत असतो म्हणा ना. पुढे आम्ल पातळ झाले की लोह गंजाच्या गाळासारखे तळाशी बसते. पेनसिल्व्हेनियात त्या पिवळ्या थराला ‘यलो बॉय’ म्हणतात. (गोव्यात पावसाळ्यात नद्यांना येणारी लाली निराळी. तिथले लोहखनिज ऑक्साइडचे, गंधकाचे नव्हे, त्यामुळे मुख्य त्रास गाळाचा. आपल्याकडे आम्लाचे ठळक उदाहरण मेघालयातल्या जैंतिया टेकड्यांचे. तिथल्या कोळशात गंधक भरपूर, आणि लुखा नदी हिवाळ्यात निळी पडते.)

१९४७ साली कोल्मर आणि हिंकल या अमेरिकी संशोधकांनी दाखवून दिले की यात जीवाणूंचाही हात आहे. लोहावर जगणारे हे जीव आम्लात मजेत राहतात आणि एरवी रेंगाळणारी लोहाची क्रिया दहा लाख पटींपर्यंत वेगाने घडवतात. म्हणूनच हा प्रकार कारखान्याच्या सांडपाण्यासारखा नाही. कारखान्याला टाळे लागले की सांडपाणी थांबते. खाणीला टाळे लागले तरी आत उरलेला पायराइट असतोच. कॅलिफोर्नियातली आयर्न माउंटन खाण १९६३ साली बंद झाली. तिच्या आत पुढे मोजलेला सामू (pH; तो जितका कमी तितके पाणी आंबट) उणे ३.६ निघाला, शून्याखालचा सामू असतो हेच अनेकांना तोवर पटत नव्हते. तिथले पाणी आजही चुना घालून शुद्ध करावे लागते, आणि हे सुमारे तीन हजार वर्षे चालेल असा अंदाज आहे. चुन्याचा भाव सोडा, तीन हजार वर्षे टिकलेले सरकार कोणी पाहिले आहे?

हा हिशेब कळल्यावर विचार उलटा सुरू झाला: आम्ल धुण्यापेक्षा ते होऊच द्यायचे नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेत खडकाची जमाखर्च-चाचणी आली. आम्ल करणारे गंधक किती, ते मारणारी चुनखडी किती, हे खोदण्याआधीच मोजायचे. ही चाचणीही फसवू शकते. चुनखडी आधी संपते, मग वर्षानुवर्षे स्वच्छ दिसणारा ढीग अचानक आंबट होतो.

कॅनडाने १९८९ मध्ये सरकार आणि खाणउद्योगाचा एकत्र संशोधन कार्यक्रम काढला. त्यात सगळ्यात पटलेला उपाय साधा होता: टाकाऊ माल पाण्याखाली बुडवून ठेवा. पाण्यातून प्राणवायू हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पट हळू झिरपतो, त्यामुळे पायराइट झोपूनच राहतो. जिथे बुडवणे जमत नाही तिथे चिकणमातीचा थर द्यायचा, किंवा माल सिमेंटमध्ये कालवून खाणीच्या पोकळीत परत भरायचा.

पण पाणी साठवायचे म्हणजे बांध हवा, आणि तोही कायमचा. ४ ऑगस्ट २०१४ रोजी कॅनडातल्याच ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या माउंट पॉली खाणीचा बांध फुटला आणि खनिज काढून उरलेला गाळ आणि पाणी, कोट्यवधी घनमीटर, सरोवरात गेले. चौकशी समितीने पुढल्या वर्षी सुचवले की गाळावर पाणी ठेवूच नका, तो निथळून कोरडा रचा. रसायनशास्त्र म्हणते बुडवा, बांधकामशास्त्र म्हणते सुकवा. आज नव्या खाणीचा आराखडा करणाऱ्यांपुढे पहिला वाद असतो तो हाच.