पिप आणि व्हेन्व: सामान आणतं कोण, सामान राहतं कुठं

"पिप केलं न काका, मग व्हेन्व कशाला?"

नागपुरात, नरेंद्र नगरात आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मुलीनं हे विचारलं, तेव्हा तिचा चालता प्रोग्राम बंद पडला होता. पिप आणि व्हेन्व ही दोन्ही पायथन या प्रोग्रामिंग भाषेची साधनं. कळमना बाजारातले संत्र्याचे भाव वहीतून उतरवून ती त्यांचा आलेख काढायची. पांडाज आणि नमपाय या पॅकेजांवर, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेल्या तयार कोडवर, तो महिनाभर छान चालला. मग कॉलेजच्या दुसऱ्या प्रोजेक्टसाठी तिनं नवी पॅकेजेस टाकली आणि संत्र्याचा आलेख उघडेना. "कालपर्यंत तर चालत होता न!"

पिप हा सामान आणणारा. पायपीआय हे पायथनच्या पॅकेजांचं सार्वजनिक भांडार आहे. पिप तिथून तुम्ही मागितलेलं पॅकेज आणतो आणि त्याला जे जे लागतं तेही आणतो. पांडाज मागितलं की नमपाय सोबत येतं. इतवारीत मसाल्याची यादी देऊन माणूस पाठवावा, तसं हे काम. आणलेलं सामान तो ज्या पायथनचा पिप आहे, त्याच पायथनच्या साइट-पॅकेजेस फोल्डरात ठेवतो.

व्हेन्व काहीच आणत नाही. तो नवी खोली बांधून देतो. खोलीला स्वतःचं साइट-पॅकेजेस फोल्डर असतं आणि स्वतःचा पिपही. घोटाळा इथंच होतो. खोलीतल्या पिपचं नाव तेच, कमांड तीच, पण सामान दुसऱ्या फडताळात जातं. त्यात दोघंही पायथनसोबतच येतात: व्हेन्व २०१२ च्या ३.३ आवृत्तीपासून, पिप २०१४ च्या ३.४ पासून. त्यामुळे एकाच कामाची ही दोन नावं असावीत असं नवख्याला वाटणं साहजिक आहे.

आता तिचा आलेख का मोडला ते पाहू. एका साइट-पॅकेजेसमध्ये एका पॅकेजची एकच आवृत्ती राहू शकते. तिच्याकडचं पांडाज जुनं, नमपाय १.२६ वर बांधलेलं. नव्या प्रोजेक्टला नमपाय २ हवं होतं. पिपनं सांगितलेलं काम केलं: जुनं काढलं, नवं ठेवलं. टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, वर सरकवून मी तिला पिपनं छापलेली एक ओळ दाखवली. लाल अक्षरांत स्पष्ट लिहिलं होतं, की पांडाजला २ च्या खालचं नमपाय लागतं आणि आता इथं २ आहे. पण त्याच्याच खाली "सक्सेसफुली इन्स्टॉल्ड" आलं होतं, आणि तिची नजर तिथं थांबली. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, म्हणून प्रत्येकाला सांगतो: लाल ओळ वाचा, मग पुढं जा.

आम्ही दोन्ही प्रोजेक्टच्या फोल्डरांत वेगवेगळे व्हेन्व केले. कमांड छोटी आहे: पायथन, डॅश एम, व्हेन्व, शेवटी खोलीचं नाव. मग ती खोली अ‍ॅक्टिव्हेट करायची. त्यासाठीची अ‍ॅक्टिव्हेट नावाची फाइल विंडोजवर खोलीच्या स्क्रिप्ट्स फोल्डरात असते, लिनक्सवर बिनमध्ये. ओळीच्या सुरुवातीला कंसात खोलीचं नाव दिसलं, की आत आलात. एका खोलीत जुनं पांडाज आणि जुनं नमपाय, दुसऱ्या खोलीत नवं. संत्र्याचा आलेख पुन्हा उघडला.

लिनक्सवाल्यांना हा धडा आपोआप मिळतो. २०२३ मधल्या उबुंटू २३.०४ आणि डेबियन १२ पासून सिस्टीमच्या पायथनमध्ये पिप सामान ठेवायलाच नकार देतो, कारण सिस्टीमची स्वतःची साधनं त्याच पायथनवर चालतात. नकार डावलायचा पर्यायही आहे. त्याच्या नावातच "ब्रेक सिस्टीम पॅकेजेस" असं लिहिलंय. तो वापरू नका, व्हेन्व करा.

मैत्रिणीला प्रोजेक्ट द्यायचं तर काय द्यायचं, यावरही गोंधळ होतो. व्हेन्वचं फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करून देऊ नका. त्याच्या आतल्या फाइलींत तुमच्या मशीनवरचे पूर्ण पत्ते लिहिलेले असतात, दुसरीकडे ते जुळत नाहीत. द्यायची ती यादी. पिप फ्रीझ केलं की पॅकेजांची नावं आणि आवृत्त्या मिळतात, त्या रिक्वायरमेंट्स फाइलीत ठेवायच्या. मैत्रीण आपली खोली बांधेल आणि पिपला ती यादी देईल. खोली बिघडली तर बेधडक डिलीट करा, यादी हाताशी असली की पाच मिनिटांत दुसरी होते. फक्त स्वतःचा कोड त्या फोल्डरात ठेवायचा नाही, तो बाहेर.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती पुन्हा खाली आली. "काका, पांडाज सापडत नाही म्हणते." टर्मिनल नवं उघडलेलं होतं आणि ओळीच्या सुरुवातीला कंस नव्हता. अ‍ॅक्टिव्हेट केलेली खोली त्या एका टर्मिनलपुरतीच असते. मी तिला पिपची आवृत्ती विचारायला लावली, कारण आकड्यासोबत तो पिप कुठल्या फोल्डरातला आहे तेही छापून येतं. तिनं पत्ता वाचला, खोली अ‍ॅक्टिव्हेट केली, पुन्हा विचारलं. या वेळी पत्त्यात तिच्या प्रोजेक्टचं नाव होतं.