नसबंदीचं ऑपरेशन: सही करण्याआधी आणि सही केल्यानंतर

भारतात कुटुंब नियोजनाचा सरकारी कार्यक्रम 1952 पासून चालू आहे. लाल त्रिकोण गावोगावच्या भिंतींवर रंगवून झाला, पण ऑपरेशनच्या संमतीपत्रात काय लिहिलंय हे सही करणाऱ्या बाईला अनेकदा कुणी सांगितलेलंच नसतं. सकाळपासून उपाशी बसलेली, ओढणीत रडणारं पोर, त्यात ‘इथं सही करा ताई’ म्हटलं की अंगठा उठतो. पुढे काही बिनसलं तर गाडी याच कागदावर अडते.

आधी पात्रता. विवाहित असावं लागतं. बाईचं वय 22 ते 49, पुरुषाचं 60 च्या आत. निदान एक मूल हवं आणि ते वर्षाच्या वरचं हवं. जोडप्यापैकी कुणाचं आधी ऑपरेशन झालेलं नसावं, मात्र ते फसलं असेल तर पुन्हा करता येतं. नवऱ्याची सही लागत नाही. हे ठळक सांगायला हवं, कारण ‘मालकांना घेऊन या’ म्हणून बायकांना परत पाठवल्याचं अजून ऐकू येतं. नियमात संमती फक्त जिचं ऑपरेशन आहे तिची.

नाव आशाताईंकडे किंवा थेट प्राथमिक आरोग्य केंद्रात नोंदवा. बाळंतपणानंतर सात दिवसांच्या आत किंवा पाळी आल्यापासून सात दिवसांत टाक्याचं ऑपरेशन करता येतं. दुर्बिणीचं मात्र बाळंतपणानंतर लगेच करत नाहीत. सोबत आधार कार्ड आणि बँक पासबुकाची झेरॉक्स ठेवा, बुडालेल्या मजुरीपोटी मिळणारी रक्कम खात्यातच जमा होते. दारिद्र्यरेषेखालचं कार्ड किंवा जातीचा दाखला असेल तर तोही न्या, रकमेत फरक पडतो.

आता संमतीपत्र. ते तुम्हाला कळणाऱ्या भाषेत असायला हवं. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला हवं. 2014 मध्ये छत्तीसगडमधल्या बिलासपूरच्या शिबिरात ऑपरेशननंतर बायका दगावल्या. 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने शिबिरं तीन वर्षांत बंद करा, असा आदेश दिला. परिणाम समजावल्यावर सही करण्याआधी विचाराला तासभर तरी वेळ द्या, हेही त्याच निकालात आहे. तो तास मागून घ्या. संमतीपत्रात एक ओळ आहे ती बोट ठेवून वाचा: पाळी चुकली तर दोन आठवड्यांच्या आत दवाखान्यात कळवीन. उशिरा गेलात तर हीच ओळ तुमच्यासमोर धरली जाते.

पुरुषांचं ऑपरेशन बिनटाक्याचं, त्याच दिवशी घरी सोडतात. तरी 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित बायकांपैकी 37.9 टक्के जणींचं ऑपरेशन झालेलं होतं आणि नवऱ्याचं झालंय असं सांगणाऱ्या 0.3 टक्के. असो. ऑपरेशननंतर तीन महिने निरोध वापरायचा, मग वीर्यतपासणी. शुक्राणू नाहीत असा अहवाल आल्यावरच प्रमाणपत्र मिळतं. बाईला ते महिन्याभराने किंवा त्याआधी पाळी आली तर तेव्हा मिळतं. पुष्कळजणी ते न्यायलाच जात नाहीत आणि मग लेक लाडकीसारख्या योजनेच्या पुढच्या हप्त्याला धावपळ होते.

ऑपरेशन फसून गर्भ राहिला तर 60,000 रुपये भरपाई मिळते, गुंतागुंत झाली तर उपचारांसाठी 50,000 पर्यंत. दवाखान्यात किंवा घरी सोडल्यावर सात दिवसांत मृत्यू झाला तर वारसांना 4 लाख, आठव्या ते तिसाव्या दिवसात झाला तर 1 लाख. मान्यताप्राप्त खाजगी दवाखान्यात ऑपरेशन झालं असलं तरी हे लागू आहे. दावा 90 दिवसांच्या आत करायचा. जिथं ऑपरेशन झालं तिथूनच अर्जाचा नमुना घ्या, सोबत संमतीपत्राची प्रत, प्रमाणपत्र, डिस्चार्ज कार्ड आणि सोनोग्राफीचा किंवा लघवीतपासणीचा अहवाल जोडा. दिलेल्या अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. 90 दिवसांचा वाद निघाला तर तोच शिक्का दाखवायचा.