कॅल्शियमच्या शोधात निघालेलं ॲसिड

बडोद्याहून छोटाउदेपूरच्या बाजूला गेलं की अंबाडुंगर लागतो. 2013 पर्यंत हा भाग बडोदा जिल्ह्यातच होता. इथे फ्लोरस्पारचे साठे आहेत. कॅल्शियम आणि फ्लोरिन एकमेकांना घट्ट धरून बसलेला हा दगड पाण्यात जवळपास विरघळतच नाही. त्याच्या भुकटीवर संहत (म्हणजे पाणी अगदी कमी असलेल्या) सल्फ्युरिक ॲसिडची प्रक्रिया करून तापवलं की हायड्रोजन फ्लोराइड वायू सुटतो, आणि तो पाण्यात मुरवला की हायड्रोफ्लोरिक ॲसिड तयार. टेफ्लॉन, फ्रीजमधले गॅस, अनेक औषधं यांतला फ्लोरिन याच वाटेने येतो.

रसायनशास्त्राच्या हिशेबात हे दुबळं ॲसिड. पाण्यात त्याचे बहुतेक रेणू न फुटता तसेच राहतात. खरा घोळ इथेच आहे. विद्युतभार नसलेला हा छोटा रेणू कातडीतून सहज आत उतरतो, खोलवर जाऊन फुटतो आणि मोकळा झालेला फ्लोराइड कॅल्शियम शोधू लागतो. रक्तात, पेशींत, हाडांत जिथे मिळेल तिथे तो कॅल्शियमला चिकटतो. म्हणजे कारखान्यात एवढी खटपट करून फोडलेली जोडी अंगात पुन्हा जमते. अंबाडुंगरात सापडतो तोच पदार्थ! रक्तातलं कॅल्शियम खाली आलं की हृदयाची लय बिघडते. संहत हायड्रोफ्लोरिक ॲसिड तळहाताएवढ्या जागेवर सांडलं तरी जीव धोक्यात येऊ शकतो.

बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीकडे फॅब्रिकेशनच्या कामाला जाणारे आपल्यात कमी नाहीत. स्टेनलेस स्टीलच्या वेल्डिंगवरचा काळेपणा काढायला ब्रशने जी पिकलिंग पेस्ट लावतात, तिच्यात बहुधा नायट्रिकसोबत हेच असतं. प्रमाण कमी असल्यामुळे बोटाला लागलं तरी लगेच काही जाणवत नाही. माणूस हात पुसून कामाला लागतो, आणि काही तासांनी, कधी रात्री, नखाखालून असह्य ठणका सुरू होतो. वरून कातडी जेमतेम लालसर दिसते. दुखत नाही म्हणजे काही झालं नाही, हा हिशेब इथे चालत नाही.

हे ॲसिड काच खातं, म्हणून ते प्लास्टिकच्या कॅनमध्येच ठेवतात. साधे पातळ हातमोजे पुरत नाहीत. निओप्रीन किंवा ब्युटाइल रबराचे जाड मोजे, चेहऱ्यावर शील्ड आणि खेळती हवा हवी. शुद्ध हायड्रोजन फ्लोराइड 19.5 अंशांनाच उकळतं, त्यामुळे संहत ॲसिडची वाफ आपल्याकडच्या उन्हाळ्यात काय करेल ते सांगायला नको.

लागलंच तर अंगठी, घड्याळ, कपडे लगेच काढा आणि वाहत्या पाण्याखाली धुवा. मग 2.5 टक्क्यांचं कॅल्शियम ग्लुकोनेट जेल मोजे घालूनच चोळत राहा. फ्लोराइडला हवं असलेलं कॅल्शियम आपणच पुढे करतो, म्हणजे ते शरीरातलं ओढत नाही. डोळ्यात गेलं तर मात्र जेल नको, फक्त पाणी, आणि तडक दवाखाना. दवाखान्यात नुसतं ‘ॲसिड पडलं’ म्हणू नका; हायड्रोफ्लोरिक असं नाव घेऊन सांगा, शक्यतो डब्याच्या लेबलचा फोटो दाखवा. नाहीतर साधा भाजल्याचा मलम लावून घरी पाठवतील.

हे जेल महाग नाही. पिकलिंग पेस्टचा डबा जिथे उघडतो, तिथे पहिल्या फळीवर ते असलंच पाहिजे, आणि त्याची तारीख संपली नाही ना, हेही कुणीतरी बघत असलं पाहिजे.