माळ हातात, मन बाजारात

आमच्या शेजारच्या काकू रोज दिवेलागणीला जपाला बसतात. परवा म्हणाल्या, "इतकी वर्षं झाली, एक माळ धड होत नाही. रामाचं नाव घेता घेता गॅस बंद केला का, हेच डोक्यात येतं. असला जप देवाला काय पोचणार?"

देवाला काय पोचतं हे विज्ञान सांगू शकत नाही. पण डोक्यात काय होतं ते बरंच कळलंय, आणि ते कळल्यापासून काकूंना वाटणारी अपराधी भावना मला फार खुपते.

आपण नुसते बसून असलो तरी मेंदू स्वस्थ बसत नाही. हातात काम नसताना त्यातले काही ठरावीक भाग उलट जास्त चालतात, हे मेंदूशास्त्रज्ञ मार्कस राइकल आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडलं. या भागांच्या जाळ्याला म्हणतात ‘डिफॉल्ट मोड नेटवर्क’. कालचं बोलणं, उद्याचं बिल, राहिलेलं काम, सगळं इथे घोळत असतं. म्हणजे मन भटकणं हा काकूंचा दोष नव्हे, मेंदूची ती रोजची चाल आहे.

मला सगळ्यात आवडतो तो अमेरिकेतल्या एमोरी विद्यापीठातल्या संशोधक वेंडी हासेनकॅम्प यांचा २०१२ चा प्रयोग. ध्यानाची सवय असलेली १४ माणसं एफएमआरआय यंत्रात, म्हणजे मेंदूचा कुठला भाग कधी चालतो ते दाखवणाऱ्या यंत्रात, झोपली. काम एकच: श्वासाकडे लक्ष द्यायचं आणि मन भरकटलंय हे ध्यानात आलं की बटण दाबायचं. मन निसटतं तो क्षण कुणालाच पकडता येत नाही, सापडतो तो ध्यानात येण्याचा क्षण. म्हणून त्यांनी बटणापासून मागे-पुढे जाऊन मेंदूच्या प्रतिमा पाहिल्या. बटणाच्या आधीच्या काही सेकंदांत डिफॉल्ट जाळं चालू. बटणाच्या वेळी अग्र इन्सुला आणि अग्र सिंग्युलेट हे भाग जागे. ‘महत्त्वाचं काय घडलं’ हे टिपणाऱ्या जाळ्याचे हे भाग; शरीराच्या आतल्या संवेदनाही इन्सुलाकडेच येतात. त्यानंतर कपाळामागचा प्रीफ्रंटल भाग आणि त्याच्या मागच्या बाजूचा पार्श्विका (पॅरायटल) भाग कामाला लागून लक्ष परत श्वासावर आणतात. भटकणं, उमजणं, वळणं, टिकणं आणि पुन्हा भटकणं, असं हे चक्र.

ती माणसं प्रार्थना करत नव्हती, हे खरं. पण "अगंबाई, गॅस!" नंतर काकू ज्या क्षणी मण्यावर परत येतात, तेव्हा त्यांच्या डोक्यात असंच चक्र फिरत असणार असं मला वाटतं.

अंगठ्याखाली सरकणारा मणी इथे मोठं काम करतो. जप सवयीचा झाला की ओठ आपोआप चालतात आणि मन मोकळं सुटतं. पण मेरुमणी बोटाला लागला की माळ उलटी फिरवावी लागते, आणि तेवढ्यात आपण कुठे होतो ते कळतं.

मंत्राच्या कंपनांनी पेशी दुरुस्त होतात, असे व्हिडिओ हल्ली फार फिरतात. त्याला पुरावा नाही. मोजता आला तो परिणाम श्वासावरचा: इटलीतले संशोधक लुचियानो बर्नार्दी यांनी २००१ मध्ये लॅटिनमधली ख्रिस्ती जपमाळ आणि ‘ओम मणि पद्मे हुम्’ हे दोन्ही तपासले. दोन्हींत श्वास संथ होऊन मिनिटाला सुमारे सहावर आला. शब्द वेगळे, धर्म वेगळे, लय मात्र तीच.

काकूंना हे सगळं सांगितलं. काल त्यांनी डाव्या हाताच्या पेरांवर मोजलं: एका माळेत मन नऊ वेळा परत आलं.